पगारातून जाणारे हजार युरो बुडीत खाती धरायचे का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मूळचे नाशिकचे, वय ३४. पुण्यात सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करून अडीच वर्षांपूर्वी ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) जर्मनीत श्टुटगार्टला आले. सोबत पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. पत्नी सध्या नोकरी करत नाहीत. पगार महिना ५,००० युरो ब्रुटो, म्हणजे कपातीआधीचा. पगारपत्रकावर इन्कम टॅक्स वेगळा दिसतो आणि त्याच्या खाली विम्यांच्या नावाने दर महिन्याला आणखी हजारावर युरो कापलेले असतात. ते लिहितात, "इथल्या म्हाताऱ्यांची पेन्शन मी भरतोय आणि नाशकात माझ्या आईवडिलांची औषधं वेगळी भरतोय." वडील ६९ वर्षांचे आहेत, त्यामुळे दोन-तीन वर्षांत परतायचं मनात आहे. मित्रांकडून तीन सल्ले मिळालेत. एक, पाच वर्षं व्हायच्या आत परत जा, सगळे पैसे परत मिळतात, पाच झाली की बुडाले. दोन, पुण्याच्या कंपनीतर्फे डेप्युटेशनवर राहा, म्हणजे कापलेच जात नाहीत. तीन, फ्रीलान्स कर. पत्नीला मात्र इथेच राहावंसं वाटतं. गेल्या वर्षी त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, चार दिवस हॉस्पिटलात होत्या आणि बिल आलं ४० युरोंचं. "पैसे वाचवू, परत मागू, की बुडाले असं धरून चालू?" असं त्यांनी विचारलंय.

नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना जाणवलं की तुम्ही दोन प्रश्न एकात गुंफलेत. एक पगारपत्रकाचा आहे, दुसरा नाशिकच्या घराचा. पहिल्याचं उत्तर आकड्यांत देता येतं, म्हणून आधी तो घेते.

तुमच्या पत्रकावर केव्ही, आरव्ही, एव्ही आणि पीव्ही अशा चार ओळी असतील. आरोग्य विमा, पेन्शन विमा, बेरोजगारी विमा आणि शुश्रूषा विमा (दीर्घकाळ देखभालीची गरज पडली तर). पाचवा, कामावरच्या अपघाताचा विमा, पत्रकावर दिसत नाही, कारण त्याचा पूर्ण हप्ता मालक भरतो. ही व्यवस्था बरीच जुनी आहे. बिस्मार्कच्या काळात १८८३ मध्ये आजारपणाचा विमा आला, १८८४ मध्ये अपघाताचा आणि १८८९ मध्ये अपंगत्व व वृद्धत्वाचा. बेरोजगारीचा १९२७ मध्ये जोडला गेला आणि शुश्रूषेचा अगदी अलीकडे, १९९५ मध्ये. प्रत्येकाचा उद्देश वेगळा, नियम वेगळे. तुम्ही चौघांची बेरीज करून एकच आकडा पाहताय आणि "हे पैसे" म्हणताय. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

२०२५ च्या दरांनी तुमचा हिशेब असा आहे. पेन्शनचा एकूण दर १८.६ टक्के, त्यातला निम्मा तुमचा, म्हणजे ९.३ टक्के, ४६५ युरो. बेरोजगारीचा २.६ टक्के, तुमचा वाटा १.३, म्हणजे ६५ युरो. आरोग्याचा मूळ दर १४.६ टक्के आणि त्यावर प्रत्येक विमा संस्थेचा स्वतःचा जादा दर. सरकारने २०२५ साठी धरलेली सरासरी २.५ टक्के होती. दोन्हींचे निम्मे मिळून ८.५५ टक्के, म्हणजे ४२७.५० युरो. शुश्रूषेचा ३.६ टक्के, तुमचा १.८, म्हणजे ९० युरो. एकूण १,०४७.५० युरो, आणि साधारण तेवढेच तुमची कंपनी स्वतःच्या खिशातून भरते. ते तुमच्या ब्रुटोतही दिसत नाहीत.

तुम्हाला मुलगी आहे म्हणून शुश्रूषेचा दर १.८ आहे. मूल नसलेल्या, २३ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला ०.६ टक्के जास्त पडतात. दोन किंवा जास्त मुलं असतील, तर दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत प्रत्येक मुलामागे पाव टक्का सूट मिळते, मूल २५ वर्षांचं होईपर्यंत. मुलाचा जन्मदाखला कंपनीकडे दिलेला नसल्याने बिनमुलांचा दर लागत राहिलाय, असं नव्याने आलेल्यांच्या बाबतीत होऊ शकतं. प्रत्येकाने पत्रकावर एकदा बघून घ्यावं. ड्रेस्डेन किंवा लाइपझिगला असाल तर तुमचा वाटा थोडा जास्त दिसेल, कारण झाक्सन राज्यात या विम्याची विभागणी वेगळी आहे.

आता या रकमेतलं "परत मिळण्यासारखं" काय आहे? चारपैकी फक्त पेन्शन. बाकी तीन विम्यांत परत मागायचं काही उरतच नाही, कारण तुम्ही त्यांचा मोबदला रोज वापरताय.

आरोग्याच्या ४२७ युरोंत तुम्ही एकटे नाही, तिघं आहात. पत्नीला स्वतःचं उत्पन्न नसल्याने आणि मुलगी लहान असल्याने दोघी तुमच्या हप्त्यात कौटुंबिक विम्याखाली येतात, वेगळा पैसा न भरता. ऑपरेशनचं बिल ४० युरो आलं ते चुकून नव्हे. हॉस्पिटलात दिवसाला १० युरो, तेही वर्षातले जास्तीत जास्त २८ दिवस, एवढंच मोठ्या माणसाला स्वतः द्यावं लागतं. मुलांना तेही नाही. तुम्ही आजारी पडलात तर पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते. त्यानंतर विमा संस्था ब्रुटोच्या ७० टक्के, पण नेटोच्या, म्हणजे हातात येणाऱ्या पगाराच्या, ९० टक्क्यांहून जास्त नाही, असा भत्ता देते. एकाच आजारासाठी तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत. पुण्यात नोकरी करताना असं काही तुमच्या गाठीशी होतं का? कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम होता, पण नोकरी गेली की तोही गेला असता.

बेरोजगारीचे ६५ युरो तुम्ही पत्रात कुठे धरलेच नाहीत, आणि माझ्या मते सध्या तुमच्यासारख्यांनी सगळ्यात गंभीरपणे बघावी अशी ओळ तीच आहे. मागच्या ३० महिन्यांत १२ महिने हप्ता भरलेला असेल, तर नोकरी गेल्यावर भत्त्याचा हक्क तयार होतो. तुमचे २४ महिने कधीच पूर्ण झालेत, म्हणजे भत्ता वर्षभर मिळू शकतो. मूल असल्याने नेटो पगाराच्या ६७ टक्के, नसतं तर ६०. वाहन उद्योगाच्या आसपास काम करणाऱ्या श्टुटगार्टकराला मी हे आवर्जून सांगते. दोन पथ्यं मात्र पाळायची. नोकरी जाणार हे कळलं की तीन दिवसांत (किंवा मुदत आधीच माहीत असेल तर तीन महिने आधी) रोजगार कार्यालयात नोंद करायची. आणि कंपनीने "आपसात मिटवून टाकू" म्हणत राजीनाम्याचा किंवा सहमतीचा कागद पुढे केला, तर सल्ला घेतल्याशिवाय सही करायची नाही. स्वतःहून नोकरी सोडल्यास भत्ता १२ आठवडे रोखला जाऊ शकतो.

हा विमा म्हणजे भिशी नाही. भिशीत प्रत्येकाची पाळी येतेच, इथे पाळी येऊ नये अशीच इच्छा असते. म्हणून "मी भरले किती आणि मला मिळाले किती" हा हिशेब या तीन ओळींपुरता बाजूला ठेवा.

आता पेन्शनकडे येऊ. तुमचा खरा आक्षेप इथेच आहे आणि त्यात तथ्यही आहे.

इथल्या पेन्शन विम्यात तुमच्या नावाचं खातं नसतं. पीएफच्या पासबुकात जसे पैसे व्याजासह दिसतात तसं इथे काही दिसणार नाही. या महिन्यात तुम्ही आणि कंपनीने भरलेले ९३० युरो याच महिन्यात कुणा आजोबा-आजींच्या बँकेत जमा होतात. बदल्यात तुमच्या नावावर गुण चढतात. वर्षभर सरासरी पगार मिळवला की एक गुण. २०२५ साठी ही सरासरी ५०,४९३ युरो धरली होती. तुमचा वर्षाचा पगार ६०,०००, म्हणून तुम्हाला वर्षाला सुमारे १.१९ गुण मिळतात. १ जुलै २०२५ पासून एका गुणाची किंमत महिना ४०.७९ युरो झाली. म्हणजे इथे काढलेल्या प्रत्येक वर्षामागे म्हातारपणी महिना सुमारे ४८ युरो, त्या भावाने. ही किंमत पगारवाढीच्या मागे चालते. जुलै २०२५ मध्ये ती ३.७४ टक्क्यांनी वाढली.

तेव्हा तुम्ही इथल्या म्हाताऱ्यांची पेन्शन भरता हे खरंच आहे. मात्र त्यापोटी तुमचा हक्क लिहून ठेवला जातो आणि तो सीमेपलीकडेही चालतो. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार १२ ऑक्टोबर २०११ रोजी झाला आणि १ मे २०१७ पासून लागू झाला. त्यामुळे जर्मन पेन्शन नाशिकला राहूनही घेता येते. तुमच्या मित्रांच्या सल्ल्यांत या कराराचा मागमूसही दिसला नाही, म्हणून त्यावर जरा थांबते.

पहिला समज: पाच वर्षं होण्याआधी गेलं तर सगळे पैसे परत मिळतात. सगळे नाही, फक्त तुमचा वाटा. कंपनीचा वाटा परत मिळत नाही, व्याजही नाही. आणि लगेच तर नाहीच. युरोपीय संघाबाहेर राहायला गेल्यावर, इथला सक्तीचा विमा संपून २४ महिने झाले की अर्ज करता येतो.

दुसरा समज: पाच वर्षं झाली की पैसे बुडाले. उलट आहे. ६० महिने भरले की परताव्याचा रस्ता बंद होतो तो पेन्शनचा हक्क पक्का झाल्यामुळे. तुमच्या जन्मसालाच्या माणसाला ६७ व्या वर्षापासून हयातभर पेन्शन.

आणि तिसरा, जो पत्रात लिहिलेला नाही पण सगळ्या गणिताच्या मुळाशी आहे: साठ महिन्यांच्या आत निघालो तर परतावा सोडून दुसरं काही हातात नाही. कराराने दोन्ही देशांतला विम्याचा काळ पात्रतेसाठी जोडता येतो. पुण्यात सहा वर्षं तुमचा पीएफ कापला जात होता, त्यातला एक भाग कर्मचारी पेन्शन योजनेत, म्हणजे ईपीएसमध्ये जात होता. ती सहा वर्षं आणि इथली अडीच मिळून साडेआठ होतात. म्हणजे जर्मन पेन्शनची पाच वर्षांची अट तुमच्या बाबतीत आजच भरते. रक्कम मात्र इथल्या अडीच वर्षांचीच मिळेल, प्रत्येक देश आपापल्या वाट्याचं देतो. उलट बाजूनेही हेच लागू आहे. ईपीएसला पेन्शनसाठी दहा वर्षं लागतात, तुमची सहा आहेत, आणि उरलेल्या वर्षांची पात्रता जर्मनीतल्या काळाने भरून काढता येते.

इथे एक प्रश्न तुम्हालाच विचारते. पुण्याची नोकरी सोडल्यावर ईपीएसचं काय केलंत? पुष्कळ जण निघताना पीएफ काढतात आणि त्याच झटक्यात फॉर्म १० सी भरून पेन्शनचे पैसेही काढून घेतात. तसं केलं असेल तर ती वर्षं जोडणीच्या हिशेबातून गेली. केलं नसेल तर काढू नका, स्कीम सर्टिफिकेट घ्या. ईपीएसची पेन्शन स्वतःची फार नसते. १५,००० रुपयांच्या मर्यादेवर सहा वर्षांचे महिना जेमतेम १,२८५ रुपये होतात. पण त्या सहा वर्षांचा खरा उपयोग आता युरोतली पात्रता पुरी करायला आहे. जर्मनीला यायची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने विमानाचं तिकीट काढण्याआधी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आता पर्याय तोलून बघू. समजा तुम्ही ५८ महिन्यांनी, साठच्या आत, परत गेलात आणि पगार एवढाच राहिला. तुमचा पेन्शनमधला वाटा होतो २६,९७० युरो. दोन वर्षं थांबून तो मागता येईल. न मागता ठेवलात तर ६७ व्या वर्षापासून महिना सुमारे २३४ युरो, २०२५ च्या भावाने, हयात असेपर्यंत. नुसती भागाकाराची गंमत पाहिली तर साडेनऊ-दहा वर्षांत तेवढे पैसे वसूल होतात, म्हणजे वयाच्या सत्याहत्तरीच्या आसपास. दुसऱ्या बाजूने, २७ हजार युरो आज हातात आले आणि तुम्ही ते तीस वर्षं हात न लावता गुंतवलेत, तर तेही थोडे होणार नाहीत. "हात न लावता" हे शब्द महत्त्वाचे आहेत. परतल्यावर घर घ्यायचं असतं, शाळेची फी असते, वडिलांचं आजारपण असतं. तुमच्या हाती आलेली रक्कम तीस वर्षं टिकेल का, याचं उत्तर तुम्हीच जाणता.

परताव्याची एक किंमत मात्र आकड्यांत दिसत नाही. पैसे घेतले की तोवरचा तुमचा सगळा पेन्शन-इतिहास पुसला जातो. फक्त म्हातारपणाची पेन्शन जात नाही. याच विम्यातून काम करायची ताकद गेल्यास मिळणारी पेन्शन असते, आणि तुमच्या पश्चात पत्नीला व मुलीला मिळणारी पेन्शनही. शिवाय मुलाच्या संगोपनाची वर्षं मुख्यतः आईच्या नावावर जमा होतात. मूल इथे वाढत असेल, तर त्याच्या पहिल्या तीन वर्षांतला इथला काळ पत्नीच्या पेन्शन-खात्यात धरला जातो, त्यांनी एक पैसा न भरता. तुमची मुलगी आली तेव्हा दीड वर्षाची असणार. म्हणजे तिसऱ्या वाढदिवसापर्यंतचे महिने पत्नीच्या नावाने नोंदवून घ्या. हे आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो.

आणि व्हिसाचं काय? ब्लू कार्डवाल्याला कायमस्वरूपी परवान्यासाठी पेन्शन विम्याचे २७ महिने लागतात, जर्मन भाषेची बी-१ पातळी असेल तर २१. तुमचे ३० झालेत. ज्या ओळीचा तुम्हाला राग येतोय, तीच ओळ तुमच्या कुटुंबाला इथे निर्धास्त राहायचा दाखला मिळवून देतेय. भाषा आणि बाकीच्या अटी भरत असतील तर परतायचं ठरो वा न ठरो, अर्ज आत्ता करा. कायमचा परवाना हातात असला की नोकरी गेली तरी देश सोडायची घाई राहत नाही. तो घेऊन तुम्ही पुढे लांब मुदतीसाठी भारतात गेलात तर तो टिकेल किती दिवस, हे मात्र निघण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयातून लेखी घ्या.

मित्रांचे उरलेले दोन सल्ले लवकर आटोपतात. डेप्युटेशनचा रस्ता खरा आहे, पण वेगळ्या माणसासाठी. भारतातल्या कंपनीने आपल्या माणसाला ठरावीक मुदतीसाठी इथे पाठवलं, तर ४८ महिन्यांपर्यंत तो भारताच्या पीएफमध्येच राहू शकतो. ईपीएफओकडून तसं सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज घ्यावं लागतं. त्याचे इथले पेन्शन आणि बेरोजगारीचे हप्ते वाचतात, पण नोकरी गेल्यावरचा भत्ता नाही, आणि त्या महिन्यांनी कायमच्या परवान्याचा दरवाजा उघडत नाही. तुमचा करार इथल्या कंपनीशी आहे. चारशे-पाचशे युरोंसाठी तो मोडून पुण्याच्या पगारपटावर जाणं मला अजिबात पटत नाही. कंपनीने "तिकडून पाठवू की इथे घेऊ" असा पर्याय दिला, तर नुसतं हातात येणाऱ्या पगाराकडे बघू नका, असं बाकीच्या वाचकांनाही सांगेन.

फ्रीलान्सचा सल्ला धोक्याचा आहे. ब्लू कार्ड नोकरीसाठी असतं. काम एकाच कंपनीचं, वेळ तिची, टेबल तिचं आणि कागदावर तेवढे तुम्ही स्वतंत्र, असं असेल तर पेन्शन विमा संस्था त्याला बनावट स्वयंरोजगार ठरवते आणि मागचे हप्ते वसूल होतात. शिवाय आरोग्य विमा चुकत नाही, उलट दोन्ही वाटे स्वतःलाच भरावे लागतात.

खासगी आरोग्य विम्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पगार वाढला की एजंटचे फोन येतील. २०२५ मध्ये वर्षाला ७३,८०० युरोंहून जास्त पगार असलेल्यालाच तो घेता येत होता. तिशीतल्या एकट्या माणसाला तो स्वस्त वाटतो. पण तिथे प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा. तुमच्या घरात तिघांचे तीन. आणि वयाच्या ५५ नंतर सरकारी व्यवस्थेत परतणं जवळजवळ अशक्य. तुम्ही आहात तिथेच राहा. सरकारी विम्यात पगार कितीही वाढला तरी हप्ता एका मर्यादेपर्यंतच मोजतात. २०२५ मध्ये आरोग्य आणि शुश्रूषेसाठी ती महिना ५,५१२.५० युरो होती, पेन्शन आणि बेरोजगारीसाठी ८,०५०. हे आकडे दर जानेवारीत बदलतात, तेव्हा जानेवारीच्या पत्रकात नेटो थोडा कमी दिसला तर घाबरू नका. आणि पेन्शनचा तुमचा सगळा हप्ता २०२३ पासून करातून वजा होतो, म्हणजे ४६५ युरोंचा खरा भार ४६५ नसतो.

विद्यार्थी वाचकांसाठी एक वाक्य: वर्कश्टुडेंट म्हणून, म्हणजे शिकता शिकता अर्धवेळ, काम करताना पगारातून फक्त पेन्शनचे ९.३ टक्के जातात, आणि ते महिनेही पुढे मोजले जातात. म्हणून त्या काळाचे कागद फेकू नका.

आता नाशिक. "इथल्या म्हाताऱ्यांची पेन्शन भरतोय आणि माझ्या आईवडिलांची औषधं वेगळी" या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. त्यातली बोच रास्त आहे. तुम्ही ज्या विम्यात एवढे पैसे भरता त्यात बायको-मुलगी येतात, आईवडील येत नाहीत. ते भेटीला आले तरी त्यांचा प्रवासी विमा वेगळा घ्यावा लागतो. कुशल कामगारांना आईवडिलांना इथे आणायची थोडी सोय २०२४ मध्ये झाली, पण ती १ मार्च २०२४ नंतर पहिला परवाना मिळालेल्यांपुरती आहे. तुम्ही त्याआधी आलात. म्हणजे आईवडिलांची काळजी तुम्हाला या व्यवस्थेच्या बाहेरच घ्यायची आहे, आणि साठ महिन्यांची कोणतीही रेघ ती काळजी हलकी करणार नाही. वडील आज हिंडते-फिरते असतील तर अठ्ठावन्नाव्या महिन्यात जायची गरज नसेल. आणि उद्या त्यांना गरज पडली, तर चाळीसाव्या महिन्यातही निघावं लागेल. दोन्ही वेळी पेन्शनचं तुमचं फारसं काही बिघडत नाही, हे वरच्या हिशेबातून दिसलं असेल. परतीची तारीख परताव्याच्या नियमावरून ठरवू नका, एवढंच मला तुम्हाला आग्रहाने सांगायचंय.

पत्नीशी बोलताना मात्र हे आकडे टेबलावर ठेवा. तुमच्या पत्रात त्यांचं म्हणणं एका ओळीत आलंय, आणि त्यांच्या बाजूला एक ऑपरेशन, एक मुलगी आणि त्यांच्या स्वतःच्या नोकरीचा प्रश्न आहे. त्यांनी इथे काम सुरू केलं तर त्यांच्या नावावरही गुण चढू लागतील. तीन वर्षांनी परतायचं झालं तरी ते वाया जाणार नाहीत. आईवडिलांसाठी दर महिन्याला किती लागतं, मदतीला नाशकात कोण आहे, वर्षातून दोनदा तीन-तीन आठवडे जाता येईल का, कंपनी काही आठवडे भारतातून काम करू देईल का, हे सगळं आधी दोघांनी बसून लिहून काढा. भारतातून काम करायचं झालं तर कंपनीची लेखी परवानगी हवी. कर आणि विमा दोन्ही बाजूंनी तपासल्याशिवाय लॅपटॉप उचलून जाऊ नका.

या महिन्यात करायची कामं सांगते. पेन्शन विमा संस्थेकडून तुमचा आजवरचा विमा-इतिहास मागवा. तो फुकट मिळतो आणि पाच वर्षं व्हायची वाट बघावी लागत नाही. त्यात पुण्याची वर्षं दिसत नसतील तर कळवा. पीएफचा यूएएन नंबर आणि जुनी पगारपत्रकं एका फाइलीत ठेवा. कंपनी दर वर्षी सामाजिक विम्याच्या नोंदीचा एक कागद देते, तोही त्याच फाइलीत. जायचं ठरलं तर नगरपालिकेत नाव कमी केल्याचा दाखला घ्या, पेन्शन विम्याचा नंबर पत्नीलाही माहीत असू द्या, आणि परताव्याचा व्ही ०९०१ हा फॉर्म जाण्याआधी भरून ठेवायच्या मोहात पडू नका. तो दोन वर्षांनीच चालतो. तोवर तुमचं मन इकडे परतायचं झालं, तर तुमचे सगळे महिने जसेच्या तसे शिल्लक असतील.